जव्हार प्रांतींच्या अपस्मारग्रस्त स्त्रिया : एक साधनविचार

अपस्मार हा रोग महाराष्ट्रास नवा नाहीं. त्याचें संस्कृत नांव वैद्यकग्रंथांत आहे, देशी नांवें घरोघरच्या बोलण्यांत आहेत, आणि त्यावरील उतारे वैद्यांच्या बाडांत व भगतांच्या तोंडीं आहेत. असें असूनहि आपल्या साधनसंग्रहांत हा रोग जडलेल्या स्त्रिया शोधूं गेल्यास त्या सहसा सांपडत नाहींत. रोग होता, रोगी होते. पण स्त्रीचा रोग त्याच्या स्वतःच्या नांवानें क्वचितच नोंदला गेला. बाधा, वेड, खुळेपणा, कुळाचा दोष, विहिरींतील मृत्यु, अशा परक्या नांवांखालीं तो कागदांत शिरला, आणि संग्राहकांनीं ते कागद त्या त्या नांवांखालींच बांधून ठेविले. तीं नांवें कोणतीं, आणि त्यांखालीं दडलेली स्त्री कशी ओळखावी, एवढाच विचार प्रस्तुत टिपणांत करावयाचा आहे.

विचारासाठीं घेतलेलें क्षेत्र जव्हार व मोखाडा या दोन तालुक्यांचें आहे. चौदाव्या शतकापासून येथें मुकणे या महादेव कोळी घराण्याचें राज्य होतें. १९४८ सालीं संस्थान विलीन होऊन हा मुलूख ठाणें जिल्ह्यांत गेला, व १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यांत मोडतो. इतिहासाच्या अभ्यासकास जव्हार आठवतें तें बहुधा १६६४ च्या सुरतेच्या स्वारीमुळें; शिवछत्रपति व जव्हारचे राजे यांची भेट शिरपामाळावर झाली, अशी तेथील परंपरा आहे. परंतु स्वाऱ्या व भेटी बाजूस ठेविल्या, तर वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या डोंगरी लोकांचा रोजचा व्यवहार लेखणीच्या बाहेरच राहिला. उतारावर नागली-वरई पिकविणारी, उन्हाळ्यांत लांबून पाणी आणणारी, पीक निघाल्यावर घरच्यांबरोबर वीटभट्ट्यांवर जाणारी बाई लिहिणाऱ्याच्या दृष्टीस पडली ती क्वचित्. त्यामुळें शब्दांआड दडलेला रोगी शोधण्याची रीत तपासून पाहण्यास हें क्षेत्र चांगलें.

आरंभ वैद्यकापासून करणें सोयीचें. चरकसंहितेंत अपस्मारास निदानस्थानांत एक व चिकित्सास्थानांत एक असे दोन अध्याय दिले आहेत. स्मृति, बुद्धि व सत्त्व यांचा बिघाड होऊन कांहीं काळ अंधारांत शिरणें, व त्यासह शरीराच्या विकृत चेष्टा घडणें, असें त्याचें लक्षण तेथें सांगितलें आहे. नांव पाहण्यासारखें आहे. ग्रीक नांवांत पकडलें जाण्यावर भर आहे, जुन्या इंग्रजी नांवांत पडण्यावर. आपल्या शास्त्रकारांनीं मात्र हरवलेल्या स्मरणावरून रोगास ओळखलें. सुश्रुताच्या उत्तरतंत्रांत तर एक वादच मांडला आहे. हा रोग अकस्मात् येतो व आपोआप जातो, तेव्हां तो शरीरांतील दोषांचा नसावा, असा पूर्वपक्ष करून त्याचें खंडन केलें आहे. पाऊस पडत असतांहि कांहीं बीजें शरद् ऋतूंतच उगवतात, तसे सांचलेले दोष आपल्या वेळीं उठतात, असा दृष्टांत दिला आहे. बाहेरच्या बाधेच्या कल्पनेस इतकें शांत उत्तर क्वचितच वाचावयास मिळतें. मात्र त्याच सुश्रुतांत बालग्रहांमध्यें स्कंदापस्मार येतो, हेंहि विसरतां येत नाहीं. शास्त्र या बाबतींत एकमुखी नव्हतें. लोकांनीं त्यांतून आपल्याला पटलें तें घेतलें.

चरकाच्या चिकित्साध्यायाच्या शेवटीं अतत्त्वाभिनिवेश नांवाचा एक विकार येतो. त्यांत मन व बुद्धि यांवर आवरण येऊन हित तें अहित व अहित तें हित भासूं लागतें. हा विकार म्हणजे अपस्मार नव्हे. पण त्यास जागा मिळाली ती याच अध्यायांत. झटका येऊन गेल्यावर मधल्या काळांत मनाचें काय होतें, या प्रश्नाच्या जवळ प्राचीन वैद्य येऊन थांबले होते, असें यावरून म्हणावेंसें वाटतें. प्रस्तुत विषयास हा मधला काळच महत्त्वाचा आहे. झटका थोड्या मिनिटांचा असतो. बाईचें आयुष्य दोन झटक्यांच्या मध्यें जातें.

या मधल्या काळाविषयीं आज बरेंच कळलेलें आहे. पडून हातपाय झाडणें हा अपस्माराचा एकच प्रकार. दुसऱ्या प्रकारांत रोगी पडतच नाहीं. भाकर थापतां थापतां हात थांबतो, नजर एके ठिकाणीं खिळते, ओठ किंवा बोटें निरर्थक हलतात, आणि थोड्या वेळानें बाई पुन्हां कामास लागते. मधलें तिला कांहींच आठवत नाहीं. झटके नसतांहि अवधान न टिकणें, निरोप विसरणें, बोलतांना शब्द न सांपडणें हे त्रास पुष्कळांस असतात. मेंदूंतील मूळ दोष, मोडलेली झोप, औषधांची गुंगी आणि मनाची खिन्नता, हीं सर्व त्याचीं कारणें होत. अपस्माराच्या साधारण चार रोग्यांत एकास खिन्नतेचा विकार असतो. आणि हा संबंध दोहों बाजूंनीं आहे, म्हणजे आधींपासून खिन्न असलेल्या माणसास अपस्मार होण्याचा संभवहि इतरांहून अधिक. कांहीं स्त्रियांत मासिक ऋतूच्या सुमारास झटके वाढतात. यावर पुढला झटका कोठें येईल, कोणाच्या देखत येईल, ही भीति. एवढें सगळें सोसणाऱ्या बाईस घरांत रोगी कोणी म्हणत नाहीं. ती वेंधळी, खुळी, बहिरी किंवा कामचुकार ठरते.

मराठींतील शब्दसंपत्तीहि हेंच दाखविते. फेफरें, घुरें, मिरगी हीं मोठ्यांच्या रोगाचीं नांवें. तान्ह्या मुलास येते ती आंकडी. अलीकडे ‘फिट’ हा इंग्रजी शब्द सर्वत्र रुळला आहे. हे सारे शब्द पडणाऱ्या रोग्याचे आहेत. न पडणाऱ्या, क्षणभर हरवणाऱ्या रोग्यासाठीं मराठींत रोगवाचक शब्द नाहीं. जे आहेत ते स्वभाववाचक आहेत. जुन्या पत्रांतून ‘शरीरीं समाधान नाहीं’ या सर्वसंग्राहक वाक्यांत नवज्वरापासून शोकापर्यंत सर्व कांहीं सामावतें, हें मोडी वाचणाऱ्यांस ठाऊकच आहे. आणि तें वाक्यहि बहुधा थोरामोठ्यांच्या वांट्यास येतें.

डोंगरी मुलुखांत रोगाचा पहिला अर्थ भगत लावीत आला. तांदळाचे दाणे टाकून तो बाधा कोणाची हें पाहतो. भगत बहुधा पुरुष असतो, आणि ज्या व्यक्तीनें बाधा केली असें ठरतें ती पुष्कळदां स्त्री असते. तिला भुताळी म्हणतात. जव्हार व मोखाडा येथें होळीनंतरच्या दिवसांत बोहाडा होतो. त्यांत देवदैत्यांचे मुखवटे चढवून नाचणाऱ्यांच्या अंगांत देवतेचा संचार झाला म्हणजे गांव त्यांस हात जोडतें. तीच थरथर एकट्या बाईस रानांत सरपण गोळा करतांना झाली, तर तिच्याकडे कोणी हात जोडून जात नाहीं. याच वारली समाजांत लग्न लावण्याचा अधिकार धवलेरीचा म्हणजे स्त्रीचा आहे, आणि लग्नाचा चौक सुवासिनी लिहितात. तेव्हां तेथें स्त्रीस धार्मिक मान नाहीं असें म्हणतां येणार नाहीं. मान आहे, पण रोगाच्या निवाड्यांत तिचा शब्द चालत नाहीं, एवढाच भेद.

इंग्रजी अंमलांत या समजुती लिहून ठेवण्याचे मोठे उद्योग झाले. जेम्स कॅम्बेल यानें संपादिलेल्या गॅझेटियरचा ठाणें जिल्ह्याचा भाग १८८२ सालीं निघाला. त्यांत जव्हार संस्थानाचें वर्णन आहे. त्याच कॅम्बेलनें भूतपिशाचांच्या समजुतींवर विस्तृत टिपणें लिहिलीं, तीं पुढें ‘इंडियन अँटिक्वरी’ मासिकांत क्रमशः आलीं. लोखंड, कातडें, मीठ अशा वस्तूंना भूतें कां भितात याची चर्चा त्यांत आहे. झटका आलेल्या माणसाच्या नाकाशीं जोडा अगर कांदा धरण्याची चाल ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस ती चर्चा ओळखीची वाटेल. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनीं शाळामास्तरांकडे प्रश्नावल्या पाठवून लोकसमजुती जमविल्या. १९०९ त त्यांचा वध झाल्यावर एंथोवेन यांनीं ती सामग्री छापली, आणि कोंकणचा भाग १९१५ सालीं बाहेर आला. सावे यांचा वारल्यांवरील इंग्रजी ग्रंथ १९४५ चा. हे ग्रंथ बहुमोल आहेत. त्यांवाचून या विषयांत पाऊल टाकतां येणार नाहीं. पण त्यांत एक उणीव आहे. भूत कोणतें, तें कोठें राहतें, कशास भितें, हें त्यांनीं विचारलें. पडलेली बाई कोण, तिचें वय काय, ती किती वेळां पडली, पुढें तिचें काय झालें, हें विचारणें त्यांच्या उद्योगांत बसत नव्हतें. भुतांची मोजदाद झाली, रोग्यांची राहिली.

या ग्रंथांइतकेंच उपयुक्त असें एक अगदीं अलीकडील साधन आहे, आणि त्याकडे पुराणवस्तुप्रेमी मंडळी ढुंकूनहि पाहत नाहींत. तें म्हणजे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची अनुसूची. भूत उतरविण्याच्या निमित्तानें दोरानें वा साखळीनें बांधणें, काठीनें वा चाबकानें मारणें, पादत्राण भिजवलेलें पाणी पाजणें, मिरचीची धुरी देणें, छतास टांगणें, केस उपटणें, तापलेल्या वस्तूचे चटके देणें, हे प्रकार तींत एकेक करून गुन्हे म्हणून मोजले आहेत. कायदेकारांनीं ही यादी प्रतिबंधासाठीं केली. इतिहासाच्या दृष्टीनें ती एका उपचारपद्धतीची नोंद आहे. अपस्माराच्या बाईस हीच धुरी मिळाली, हेच चटके बसले. झटका तर आपोआप थांबणाराच होता. तो थांबला कीं श्रेय मिरचीस जाई. जुने डाग अंगावर असलेली एखादी वृद्धा कोणत्याहि डोंगरी पाड्यावर अजून भेटावी.

येथें एक इशारा अवश्य दिला पाहिजे. अंगांत येणें म्हणजे अपस्मार, असें समीकरण मांडून मोकळे होणारे लेखक हल्लीं बरेच झाले आहेत. तें अयोग्य आहे. अंगांत येतें तें प्रायः प्रसंगानें, लोकांच्या समक्ष, वाद्यांच्या गजरांत. त्यांत बाई बोलते, मागते, रागावते, आणि विस्तवावर पडत नाहीं. अपस्माराचा मोठा झटका एकटेपणांत येतो, झोपेंतहि येतो. जीभ चावली जाते, कपड्यांत लघवी होते, डोकें फुटतें, आणि नंतर गाढ झोंप लागते. त्या वेळीं अर्थपूर्ण बोलणें नसतें. मनाच्या ताणानें येणारे, दिसावयास अपस्मारासारखे पण मेंदूंतील विद्युत्-विकाराचे नसलेले झटके हा तिसरा प्रकार. ते खोटे नसतात, बाई ढोंग करीत नसते, फक्त त्यांचें मूळ निराळें. आणि एकाच बाईस यांपैकीं दोन असूं शकतात. म्हणून संतचरित्रांतून रोगनिदान करीत सुटणें हें धाडसच होय. बहिणाबाई शिऊरकरांच्या आत्मचरित्रांत पतीनें मारल्यानंतर व वासराच्या मृत्यूनंतर त्या निचेष्ट पडून राहिल्याचा प्रसंग आहे, व त्याच अवस्थेंत तुकोबांचें दर्शन आहे. त्यास अपस्मार म्हणण्यास तेथें कांहींहि आधार नाहीं. मात्र सतराव्या शतकांतील एक स्त्री आपल्या शुद्ध हरपण्याचा वृत्तान्त स्वतः सांगते, ही गोष्ट इतकी दुर्मिळ आहे कीं केवळ त्यासाठीं तें प्रकरण पुनः पुनः वाचावें.

धर्मशास्त्रांत या रोगाचा उल्लेख उपचाराच्या ओघांत नसून वधूनिवडीच्या ओघांत येतो. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायांत, कितीहि संपन्न असलीं तरी सोयरिकीस टाळावींत अशीं दहा कुळें सांगितलीं आहेत. क्षय, श्वित्र, कुष्ठ यांच्या जोडीस अपस्माराचें कुळ आहे. याज्ञवल्क्यानें संचारी रोगांचें कूळ वर्ज्य केलें, आणि त्यावर मिताक्षरा लिहितांना विज्ञानेश्वरानें संचारी रोगांत अपस्मार घातला. महाराष्ट्रांत मिताक्षरेचें वजन किती होतें हें येथें सांगावयास नको. परिणाम उघड आहे. मुलीचा रोग एकट्या मुलीचा राहिला नाहीं, तो तिच्या बहिणींच्या लग्नाआड आला. म्हणून तो लपविणें हें घराचें पहिलें कर्तव्य झालें. आपल्याकडील सोयरिकीच्या पत्रांत रूप, वय, गोत्र, हुंडा सर्व कांहीं असतें आणि शरीरदोषाविषयीं मौन असतें, त्याचें एक कारण हें होय. वस्तुतः अपस्माराचे बहुतेक प्रकार आईबापांकडून सरळ येत नाहींत. अवघड बाळंतपणांत मेंदूस झालेली इजा, मेंदुज्वर, डोक्यास मार, पट्टकृमीच्या अंड्यांनीं मेंदूंत होणाऱ्या गांठी, हीं कारणें आपल्या देशांत मोठीं आहेत.

स्मृतींचा हा धागा स्वतंत्र भारताच्या कायद्यांतहि शिरला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यांत मूळ अट जडबुद्धि वा वेडा नसण्याची होती. १९७६ च्या दुरुस्तीनें तींत वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार येणारे झटके हे शब्द आले, आणि असें लग्न रद्द ठरविण्यास न्यायालयांत जाण्याची वाट झाली. विशेष विवाह कायद्यांतहि तेंच झालें. वैद्यांच्या व अपस्मारासाठीं झटणाऱ्या संघटनांच्या प्रयत्नांनंतर १९९९ च्या दुरुस्तीनें दोन्ही ठिकाणांहून अपस्मार हा शब्द काढून टाकला गेला. म्हणजे तेवीस वर्षें एक मेंदुविकार कायद्याच्या दृष्टीनें वेडाच्या पंक्तीस बसला होता. ज्यांच्या संग्रहीं त्या काळांतील विवाहविषयक दाव्यांचे कागद आले असतील, त्यांनीं ते रद्दी समजूं नयेत. जव्हार-मोखाड्यापुरतें एवढें लक्षांत ठेवावें कीं अनुसूचित जमातींस हा कायदा लागू नाहीं. तेथें निवाडा रूढीचा व पंचांचा. मनूचें कलम तेथें कधीं पोंचलें नाहीं, आणि १९९९ ची दुरुस्तीहि नाहीं.

इस्पितळांचे कागद या मानानें अधिक बोलके, पण त्यांतहि फसगत आहे. कुलाबा, रत्नागिरी, पुणें, आणि विसाव्या शतकाच्या आरंभापासून ठाणें येथील वेड्यांच्या इस्पितळांचे सरकारी अहवाल दरसाल निघत. त्यांतील कोष्टकांत वेडाच्या कारणांखालीं अपस्मार येतो. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें असे अनेक अहवाल संगणकावर सर्वांस खुले केले आहेत. संशोधकास आतां लंडनची वारी करावयास नको. पण कोष्टकांत स्त्रियांचे आंकडे पुरुषांहून फार थोडे दिसतात. त्यावरून स्त्रियांस रोग कमी होता असें अनुमान काढणें चूक. पुरुष रस्त्यावर सांपडे व पोलीस त्यास पोंचवीत. स्त्री घरांत कोंडली जाई. संस्थानी मुलुखांतील डोंगरी स्त्री तर या कोष्टकापासून आणखीच दूर.

औषधांचा इतिहासहि येथें थोडक्यांत सांगावा. ब्रोमाइडचा उपयोग लंडनच्या वैद्यकसभेंत १८५७ सालीं चार्ल्स लोकॉक यानें प्रथम सांगितला, आणि तो ऋतुकाळीं झटके येणाऱ्या स्त्रियांच्या संबंधांत. म्हणजे अपस्मारावरील पहिलें परिणामकारक पाश्चात्य औषध स्त्रियांवरच अजमावलें गेलें. १९१२ त फेनोबार्बिटोन व १९३८ त फेनिटॉइन आलें. ब्रोमाइड व फेनोबार्बिटोन झटके आवरतात, पण बुद्धीस झांपड आणतात; अवधान मंद होतें, बाई दिवसभर पेंगते. घरच्यांस ती पूर्वींहून खुळी वाटूं लागते, आणि औषध बंद पडतें. एकाएकीं बंद केल्यानें झटके उसळून येतात, व दोष डॉक्टरास लागतो. फेनोबार्बिटोन स्वस्त असल्यानें अजून वापरांत आहे. पुढें निघालेलें व्हॅल्प्रोएट गर्भास अपाय करतें, म्हणून मूल होण्याच्या वयांतील स्त्रीस तें देण्यापूर्वीं फार विचार करावा लागतो. जव्हारचें सरकारी कुटीर रुग्णालय पतंगशहा या जव्हारच्या राजांच्या नांवानें ओळखलें जातें. रोज चुकवूं नये असें हें औषध. आणि त्या रुग्णालयापासून दूर, वीटभट्टीवर, वर्षाचे कित्येक महिने काढणारी बाई तें कसें चालूं ठेवणार, हा प्रश्न इतिहासाचा नसला तरी सुटलेला नाहीं.

चरकानें अपस्मारी व उन्मादी यांस पाणी, अग्नि, वृक्ष, कडे व अवघड जागा यांपासून नेहमीं जपावें, कारण त्या तत्काळ प्राण घेतात, असें सांगितलें आहे. हें वचन वाचून जव्हारच्या बाईचा दिवस डोळ्यांपुढें आणावा. पहांटे चूल, मग पाणी, मग उतारावरचें सरपण, पुन्हां चूल. शास्त्रानें ज्या जागा वर्ज्य केल्या त्याच तिच्या कामाच्या जागा. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्यांच्या डोहांत व गांवच्या विहिरींत बुडालेल्या, चुलींत पडून भाजलेल्या स्त्रियांच्या अकस्मात् मृत्यूच्या नोंदी पोलीस व महसुली दप्तरांत होत आल्या आहेत. १९७३ च्या फौजदारी संहितेचें १७४ वें कलम व १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेचें १९४ वें कलम यांखालीं आजहि होतात. त्यांवर कारण लिहिलें जातें तें पाय घसरला, जीव दिला, किंवा डोक्यावर परिणाम झाला होता. यांतील जीव दिला हें कांहीं ठिकाणीं खरेंहि असेल. खिन्नता या रोगाची सोबतीण आहे हें वर सांगितलेंच. पण सर्व ठिकाणीं खरें नसावें.

तेव्हां असे पंचनामे, पाटलांचे रिपोर्ट, वैद्यांच्या बाडांतील फेफऱ्यावरचीं नस्यें व ब्राह्मीघृताचीं मानें, भगतांनीं सांगितलेल्या उताऱ्यांच्या चिठ्या, हे कागद ‘किरकोळ’ या सदरांत न बांधतां त्यांची निराळी यादी करावी, व यादींत स्त्रीचें वय आणि घटनेची वेळ हीं दोन खानीं अवश्य ठेवावींत. पंचनामा वाचतांना कारणाचें वाक्य शेवटीं वाचावें. आधीं जागेचें वर्णन पाहावें : हंडा भरलेला होता कीं रिकामा, तो कांठावर नीट ठेवलेला होता कीं घरंगळलेला, कपाळास खोक होती काय, जीभ दांतांत होती काय, आणि पाणी किती होतें. जीव देणारी बाई गुडघाभर पाण्याची जागा निवडीत नाहीं, आणि शुद्धीवर असलेलें माणूस तेवढ्या पाण्यांतून उठून बसतें.